गॅस्केट बदललं, मग टॉर्कही बदलायचा का? एका पेट्रोल जीपच्या हेडचं प्रकरण

गाडी महिंद्राची जुनी सीजे-३बी. इंजीन पेट्रोलचं, हरिकेन एफ-१३४ : चार सिलिंडर, ७९.४ मिमी बोअर, १११.१ मिमी स्ट्रोक, २१९९ सीसी. मालक गगनबावड्याकडचे शेतकरी. ऊस, खत, कधी पाहुणे, सगळं याच गाडीतून. तक्रार अशी की करूळ घाट चढून वर येईपर्यंत काटा लालमध्ये जातो, रेडिएटरमधलं पाणी दर दोन दिवसांनी कमी होतं, आणि सकाळी पहिल्या स्टार्टला इंजीन काही सेकंद तीनच सिलिंडरवर चालतं. हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, बदलून वर्षही झालेलं नव्हतं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात विचारलेला प्रश्न मला सारखा ऐकू येतो. पूर्वी या इंजिनाला तांब्याच्या पत्र्यात ॲसबेस्टॉस भरलेलं गॅस्केट यायचं. आता बाजारात मिळतं ते पोलादी पत्र्यावर दोन्ही बाजूंनी ग्रॅफाइट दाबलेलं. मॅन्युअलमधला आकडा जुन्या गॅस्केटच्या काळातला. मग नव्यावर हेडचे बोल्ट किती आवळायचे, म्हणजे पान्यानं किती टॉर्क (पीळ) द्यायचा? मालकांच्या गावच्या मिस्त्रींनी त्याचं उत्तर आपल्या परीनं दिलं होतं : "नवं मटेरियल हाय, दोन किलो जास्तच घेतलं की बरं." मॅन्युअलमधला आकडा ६० ते ७० फूट-पाउंड, म्हणजे ८.३ ते ९.७ किलोग्रॅम-मीटर. गॅरेजच्या भाषेत नऊ किलो. मिस्त्रींनी अकरा घेतले होते. त्यांचा हेतू चांगलाच होता. टॉर्क रेंच वापरला होता, गाडी तापवून परत आवळणीही केली होती. जुन्या गाड्यांवर इतकी काळजी घेणारे फार थोडे असतात, म्हणून कारण शोधताना मी कामचुकारपणा हे उत्तर आधीच बाजूला ठेवलं.

हेड उतरवण्याआधी

हेड सैल केलं की पुरावा गेला. त्यामुळे आधी जे मोजता येतं ते मोजून घ्यायचं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरला ११५ पीएसआयच्या आसपास. या इंजिनाला चांगल्या स्थितीत १२० ते १३० मिळायला हवं, म्हणजे वयाच्या मानानं ठीक. तिसऱ्याला जेमतेम ८०. तिसऱ्याचा प्लग बाकीच्यांपेक्षा स्वच्छ, वाफेनं धुतल्यासारखा. तिसरा पिस्टन वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी गिअरमध्ये, आणि प्लगच्या भोकातून हवा सोडली. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले, एकेक करून, पण न थांबता. गॅस पाण्याच्या वाटेनं जातोय हे नक्की झालं.

आता बोल्ट. आधीच्या आवळणीपैकी आज किती उरलंय हे नुसता पाना लावून कळत नाही. बसलेला बोल्ट हलवायला लागणारा जोर आणि त्याच्यात असलेला ताण यांचा संबंध गंज, मळ, चिकटलेले आटे सगळं बिघडवून टाकतात. म्हणून बोल्टच्या डोक्यापासून हेडपर्यंत रंगाची बारीक रेघ मारायची, बोल्ट थोडा सोडायचा, आणि रेघ पुन्हा जुळेपर्यंत आवळायचा. रेघ जुळते त्या क्षणी रेंच जे दाखवतो ते उरलेल्या आवळणीच्या जवळपास असतं. एका वेळी एकच बोल्ट, बाकीचे बसलेले.

बहुतेक बोल्ट सात ते आठ किलोवर रेघेला आले. दोन बोल्ट विचित्र वागले. आवळत गेलो तरी रेंचचा काटा पाच-साडेपाचला अडून राहिला, आणि बोल्ट मात्र फिरतच होता. हाताला ते लगेच जाणवतं. चांगला बोल्ट शेवटच्या पाव फेऱ्यात कडक होत जातो, ताणला गेलेला बोल्ट मऊ लागतो. या दोघांची डोकी पुसून पाहिली तर त्यांवर तीन रेषा होत्या, बाकीच्यांवर सहा. रेषा जास्त तितका बोल्ट मजबूत. कधीतरी कुणीतरी हाताशी होते ते बोल्ट घातलेले. मापाला बरोबर, ताकदीला कमी.

आणि मग कार्ब्युरेटरखालचा बोल्ट.

एफ-१३४ हे थोडं वेगळं इंजीन आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. इनटेक मॅनिफोल्ड वेगळा नाही, तो हेडच्या ओतकामातच आहे, आणि कार्ब्युरेटर थेट हेडवर बसतो. त्याच्या तोंडाखाली, हवा-पेट्रोल जाण्याच्या वाटेतच, एक हेड बोल्ट आहे. कार्ब्युरेटर काढल्याशिवाय तो दिसतही नाही. ज्यांना माहीत नाही ते बाकीचे बोल्ट काढून हेडला पहारी लावतात आणि हेड का सुटत नाही म्हणून हैराण होतात. मिस्त्रींना तो माहीत होता. बसवताना त्यांनी तोही आवळला होता. पण गाडी तापवून दुसऱ्यांदा आवळताना कार्ब्युरेटर बसलेला होता, आणि तेवढ्यासाठी तो पुन्हा कोण काढणार? रेघेच्या पद्धतीनं या बोल्टवर साडेचार किलोही उरलेले नव्हते.

हेड उतरल्यावर गॅस्केटनं तेच सांगितलं. कडेच्या भागात ग्रॅफाइट चकचकीत दाबलेलं, पाण्याच्या भोकांच्या कडा स्वच्छ उमटलेल्या. मधल्या भागात, त्या लपलेल्या बोल्टपासून तिसऱ्या सिलिंडरच्या कडेपर्यंत, ते मळकट आणि कमी दबलेलं. मायक्रोमीटरनं जाडी पाहिली तर कडेपेक्षा तिथे जवळजवळ दशांश मिलिमीटर जास्त. सिलिंडरभोवतीच्या पत्र्याच्या रिंगवर काळा पट्टा, गॅस निघून गेल्याची खूण.

टॉर्क कशासाठी असतो

टॉर्क रेंचवरचा आकडा गॅस्केटला कळत नाही. गॅस्केटला कळतो तो बोल्टचा ताण, म्हणजे हेडला ब्लॉकवर दाबून धरणारा जोर. आपण रेंचला दिलेल्या मेहनतीतला साधारण निम्मा हिस्सा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, आणखी चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात. उरलेले दहा टक्के बोल्ट ताणतात. त्यामुळे घर्षण जरासं बदललं तरी ताण खूप बदलतो, आणि रेंच मात्र तोच आकडा दाखवत राहतो.

हिशोब सोपा आहे. ताण म्हणजे टॉर्क भागिले बोल्टचा व्यास, भागिले एक गुणक. आटे कोरडे असतील तर हा गुणक ०.२० च्या जवळ, इंजीन ऑइल लावलं तर ०.१५ च्या जवळ, मॉली ग्रीस लावलं तर ०.१२ किंवा त्याहूनही कमी. इथले बोल्ट ७/१६ इंची, म्हणजे ११.१ मिमी. ६५ फूट-पाउंड म्हणजे ८८ न्यूटन-मीटर. कोरड्या आट्यांवर त्यातून साधारण ४० किलोन्यूटन ताण मिळतो, म्हणजे चार टन. ऑइल लावल्यावर त्याच टॉर्कवर ५३. मॉली ग्रीसवर ६६. रेंचवर तिन्ही वेळा नऊ किलोच.

आता बोल्टची ताकद. सहा रेषांचा ७/१६ इंची जाड आट्यांचा बोल्ट साधारण ५७ किलोन्यूटनपर्यंत ताण घेऊन मूळ लांबीवर परत येतो. तीन रेषांचा बोल्ट ४० पर्यंतच. हे आकडे बाजूबाजूला ठेवले की या गाडीतलं निम्मं कोडं सुटतं. मिस्त्रींनी आट्यांना ऑइल लावलं होतं, जे बरोबरच होतं, आणि अकरा किलो घेतले होते. त्याचे होतात ६५ किलोन्यूटन. सहा रेषांचे बोल्टही तिथे हद्दीबाहेर जातात. तीन रेषांच्या बोल्टची हद्द तर त्याच्या कितीतरी आधी, मॅन्युअलच्या नऊ किलोंतच ओलांडली गेली होती. नवा बोल्ट शेजारी ठेवून पाहिलं, आटे मोजायची पट्टी लावली, तेव्हा त्या दोघांचे आटे पट्टीत बसेचनात. मधे मान बारीक झालेली, कॅलिपरवर स्पष्ट दिसणारी. सहा रेषांच्या काही बोल्टवर नट हातानं अर्ध्यापर्यंत सरळ गेला आणि मग अडला. ते सगळे भंगारात टाकले.

"जास्त आवळलं की जास्त पकड" हे बोल्टच्या हद्दीपर्यंतच खरं आहे. त्यापलीकडे पाना फिरतो, पकड तिथेच राहते, आणि एकदा ताणलेला बोल्ट पुढच्या तापण्या-गार होण्यात हळूहळू आणखी सैल पडत जातो.

मग गॅस्केटचं मटेरियल कुठे येतं

ते येतं तीन ठिकाणी. त्यातलं एक या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं होतं.

पहिलं, गॅस्केटला मुळात बसण्यासाठी किती दाब लागतो. सिलिंडरमधल्या गॅसचा जोर पाहिला तर या बोअरवर तो दोन टनांच्या आसपास. तेवढा तर एकटा बोल्टही धरून ठेवेल. बोल्टचा बाकीचा जोर हेड उडू नये म्हणून नसून गॅस्केट पृष्ठभागाच्या प्रत्येक ओरखड्यात जाऊन बसावं म्हणून लागतो. नरम ग्रॅफाइट हे काम कमी दाबात करतं. अखंड तांब्याच्या पत्र्याला खूप जास्त दाब लागतो. तो भट्टीवर मंद लाल करून नरम केलेला असावा लागतो, पाण्याच्या भोकांभोवती सीलंट लागतं, आणि जोरदार इंजिनात सिलिंडरभोवती तारेची रिंग बसवतात. पोलादी पत्र्यांचे थर असलेलं गॅस्केट आपल्या उठावदार कडांवर स्प्रिंगसारखं काम करतं. म्हणजे "नवं मटेरियल म्हणून जास्त टॉर्क" हा नियम ग्रॅफाइटच्या बाबतीत तर उलटाच आहे. जुन्या तांबं-ॲसबेस्टॉसपेक्षा त्याला जास्त दाबाची गरज नाही.

दुसरं, पृष्ठभाग. पोलादी थरांच्या गॅस्केटला हेड आणि ब्लॉक दोन्ही फार गुळगुळीत लागतात, साधारण ०.८ मायक्रॉनच्या आतली खडबड. ग्रॅफाइटला त्याच्या दुप्पट-तिप्पट खडबड चालते, थोडी हवीही असते, म्हणजे ते सरकत नाही. सपाटपणाचा मुद्दा दोन्हीला सारखाच. सरळपट्टी आडवी-तिरपी ठेवून ०.०५ मिमीची फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) कुठे शिरते का पाहायचं. आमच्या हेडमध्ये मधे ती शिरत होती. कोल्हापुरात उद्यमनगरात हेडचं फेसिंग नीट करून देणारे कारागीर आहेत. हेड तिकडे पाठवलं आणि जेमतेम लागेल तेवढंच घासून घेतलं. ब्लॉक ठीक होता.

तिसरं, आणि हे खरं मर्म : बसल्यावर गॅस्केट किती दबत जातं. बोल्टमध्ये ताण साठतो तो त्याच्या लांबण्यात. ४५ किलोन्यूटनला, १०० मिमी लांबी धरली तर, हा बोल्ट पाव मिलिमीटरपेक्षाही थोडा कमी लांबतो. आपली सगळी पकड त्या पाव मिलिमीटरमध्ये आहे. गॅस्केट गरम होऊन ०.०५ मिमी आणखी दबलं, तर बोल्टचं लांबणं तेवढं कमी झालं, आणि पकडीतला पाचवा हिस्सा गेला. रेंच कितीही अचूक असला तरी हे टळत नाही. पोलादी थरांचं गॅस्केट जवळजवळ दबतच नाही, म्हणून त्याला पुन्हा आवळणी लागत नाही. ग्रॅफाइट आणि जुनं ॲसबेस्टॉस दोन्ही दबतात. ग्रॅफाइटचे काही आधुनिक प्रकार पुन्हा न आवळता चालतील असे बनवलेले असतात, पण ते ज्या इंजिनांसाठी बनतात तिथले बोल्ट लांब, आणि टॉर्कनंतर अंशात फिरवून आवळायचे असतात. बिननावाच्या पाकिटात आलेल्या, सूचनांचा कागदही नसलेल्या गॅस्केटवर मी तसा भरवसा ठेवत नाही.

म्हणजे या गाडीत घडलं ते असं. बसवताना सगळे बोल्ट सारखे. पहिल्या तापण्यात गॅस्केट सगळीकडे दबलं. मग कडेचे बोल्ट पुन्हा अकरा किलोला आले, मधला आला नाही. हेडच्या कडा आणखी खाली गेल्या, मध्य मागे राहिला. तिसऱ्या सिलिंडरपाशी, जिथे पकड सगळ्यात कमी होती, तिथे गॅसनं वाट केली. त्यात दोन कमजोर बोल्टांनी भर घातली. गॅस्केटचं मटेरियल यात निर्दोष होतं.

काय ठरवलं, काय केलं

टॉर्क वाढवला नाही. नऊ किलो, मॅन्युअलच्या मध्यावर. आकडा बोल्टच्या ताकदीवरून ठरला आहे, आणि बोल्ट तेच, ब्लॉकमधले आटे तेच. जुन्या ओतीव ब्लॉकमधले आटे तर बोल्टपेक्षाही जास्त जपायचे असतात. बोल्ट विकत मिळतो.

सगळे बोल्ट नवे, सहा रेषांचे, एकाच ठिकाणाहून. ब्लॉकमधल्या भोकांत हलक्या हातानं टॅप फिरवला आणि हवेनं साफ केली. बंद तळाच्या भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल तर बोल्ट त्यावरच दाबला जातो. टॉर्क येतो, पकड येत नाही, आणि कधी ब्लॉकला तडा जातो. जुन्या गॅस्केटचे काही तुकडे ब्लॉकला अजून चिकटलेले होते, बहुधा आधीच्या ॲसबेस्टॉसचे. ते पाण्यानं ओले करून खरवडले. तारेचा ब्रश लावलेली ड्रिल मशीन अशा ठिकाणी अजिबात चालवायची नाही, त्या धुळीनं कर्करोग होतो हे पक्कं माहीत असताना तरी.

आट्यांना आणि डोक्याखाली साधं इंजीन ऑइल. ग्रीस नाही. मधून बाहेर गोल फिरत, तीन किलो, मग सहा, मग नऊ. लपलेला बोल्ट त्याच क्रमात, त्याच हप्त्यांत. शेवटचा टप्पा हळू आणि सलग ओढीनं घेतला. झटक्यानं घेतला तर आकडा चुकतो.

मग गाडी पूर्ण तापवली आणि रात्रभर गार होऊ दिली. इथे हेड आणि ब्लॉक दोन्ही ओतीव लोखंडाचे आहेत, पोलादी बोल्टच्या जवळपासच प्रसरण पावणारे, त्यामुळे गरम-गारचा फरक कमी. तरी मी गार इंजिनावरच आवळतो, कारण सवय एकच बरी. ॲल्युमिनियमच्या हेडवर गरम असताना आवळणं ही मात्र चूकच. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुपटीनं प्रसरण पावतं, गरम असताना बोल्ट आधीच जास्त ताणलेला असतो.

सकाळी कार्ब्युरेटर काढला. मालकांना याचंच आश्चर्य वाटलं. "आत्ताच तर बसवलाय की तुम्ही," म्हणाले. मी त्यांना आत टॉर्चनं तो बोल्ट दाखवला. प्रत्येक बोल्ट पाव फेरा सोडून पुन्हा नऊ किलोला, एका वेळी एक. कडेचे बोल्ट आधीच्या खुणेपेक्षा थोडे पुढे गेले. मधला त्यांच्याहून थोडा जास्त. कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग नवं, ते दोनदा लागणार हे धरून आधीच दोन आणून ठेवलेली.

यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी. हेड जरा खाली बसलं की वरच्या इनटेक व्हॉल्व्हची फट कमी होते, कारण तो उघडणाऱ्या दांड्याची, पुशरॉडची, लांबी तीच राहते. ब्लॉकमधल्या एक्झॉस्टला काही फरक पडत नाही. म्हणून पुन्हा आवळल्यावर इनटेकची फट तपासावीच लागते. इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६ इंच, इंजीन गार असताना. दोन इनटेकची फट कमी झालेली मिळाली, ती सारखी केली. हे राहून गेलं असतं तर काही महिन्यांनी व्हॉल्व्ह जळला असता आणि दोष पुन्हा गॅस्केटवरच आला असता.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १२० च्या आसपास. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. पाचशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा बोलावली आणि सगळं तसंच केलं, कार्ब्युरेटर काढून. या वेळी बोल्ट जवळपास हललेच नाहीत. ग्रॅफाइट बसून गेलं होतं. इनटेकच्या फटी जशाच्या तशा होत्या. पुढे पावसाळ्यात भाताच्या पोत्यांसकट करूळ घाट चढताना काटा मध्यावरच राहिला, असं मालकांनी फोनवर सांगितलं.

मिस्त्रींशीही बोललो, कारण पुढचं हेड तेच उघडणार. त्यांना तीन रेषा आणि सहा रेषांचे जुने बोल्ट शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी विचारलं, अखंड तांब्याचं गॅस्केट कापून घातलं तर अकरा किलो चालतील का. नाही. तांब्याला जास्त दाब लागतो हे खरं, पण बोल्टची हद्द त्यामुळे वाढत नाही. या बोल्टवर, या ब्लॉकवर ज्या गॅस्केटला अकरा किलोंची गरज आहे, ते गॅस्केट या इंजिनासाठी नाही.